कितवा महिना

आमच्या कॉलनीतल्या बागेत संध्याकाळी निवृत्त माणसं बसतात. पेपरात चोरीची नाहीतर लाचेची बातमी आली की त्यांचं एकमत ठरलेलं असतं: लोकांना कायद्याचा धाक राहिला नाही. आमच्या वेळी होता म्हणे. मी बाजूच्या बाकावर गुडघे चोळत ऐकते आणि मनात हसते. यातल्या निम्म्या घरांनी त्याच वेळी काय काय केलंय ते मला ठाऊक आहे. धाक होता, नाही असं नाही. पण त्या धाकानं कोणी थांबत नव्हतं, फक्त घाबरत घाबरत करत होतं. मी थांबले ती वेगळ्याच भीतीनं, आणि ती सांगायची तर तांदळापासून सुरुवात करावी लागते.

सत्तरच्या दशकातली, दुष्काळाची वर्षं होती. एका जिल्ह्यातलं धान्य दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला बंदी होती. नागपुरात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरीला गोठ्याचा वास यायचा. तांदूळ आला तर आला, आणि आला तरी त्यात खडे आणि किडे जास्त. आणि तिकडे वैनगंगेच्या पलीकडे, सकाळच्या पॅसेंजरनं निघालं तर जेवायच्या वेळेला पोचावं इतक्या जवळ, माझ्या सासूबाईंच्या भावाच्या कोठीत धान भरलेलं होतं. त्यातले पायलीभर तांदूळ पिशवीत घालून इतवारी स्टेशनावर उतरणं हा गुन्हा होता. माल जप्त व्हायचा, खटला व्हायचा, आणि घरात सरकारी नोकर असेल तर त्याच्या नोकरीवर यायचं. माझे यजमान सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते.

तरी सगळे आणायचे. वळकटीत आणायचे, उशीत भरून आणायचे, लोणच्याच्या बरणीत तळाला तांदूळ आणि वर कैरीच्या फोडी असंही आणायचे. हे काम बायकांचं. बायकांना पोलीस हात लावत नाहीत, असं पुरुषांनी आपसात ठरवून टाकलं होतं. आमचे यजमान तर या विषयावर बोलायचेसुद्धा नाहीत. मी आणि सासूबाई स्टेशनावर जायला निघालो की ते पेपर उघडून तोंडासमोर धरायचे. त्यांना काही माहीत नव्हतं. ताटात भात मात्र दोनदा लागायचा.

सासूबाई काही लबाड बाई नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. भाजीवालीनं चुकून एक कांदा जास्त टाकला तर गल्लीच्या टोकापर्यंत तिच्या मागं जाऊन परत देणाऱ्या त्या. पण तांदळाचं त्यांचं गणित साफ होतं. "माह्या भावाच्या बांधीतलं धान," त्या म्हणायच्या, "लहानपनी त्याच बांधीत मी रोवना केला, चिखलात कंबर मोडली. ते घरी आनलं तर चोरी कायची वं? सरकारनं लावलं होतं काय ते?" मला ते पटायचं. आजही पटतं.

त्यातच सासऱ्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मऊ भात आणि पेज एवढंच द्यायला सांगितलं. मिलोनं त्यांच्या पोटात आग पडायची. ते बिचारे तक्रार करायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि ते पाहून सासूबाई वेड्यापिशा व्हायच्या. आमच्या फेऱ्या वाढल्या. आणि नेमके त्याच सुमारास गाडीत छापेही वाढले.

छाप्याला जे पथक यायचं त्यातल्या साहेबाच्या हातात परखी असायची. इतवारीच्या धान्यबाजारात मी ती लहानपणापासून पाहिलेली. पोत्यात खुपसून नमुना काढायची ती टोकदार लोखंडी नळी. दलाल ती अशी सहज पोत्यात घालतो आणि मूठभर दाणा नळीतून हातावर घेतो. आता तीच परखी गाडीत लोकांच्या गाद्यांत, उशांत, गाठोड्यांत घुसायला लागली. वळकटीतून तांदळाची बारीक धार लागली की ती बाई मटकन खाली बसायची. मी एकदा पलीकडच्या बाकावर ते पाहिलं आणि त्यानंतर घरातल्या उशीवर डोकं ठेवतानाही मला ती नळी आठवायची.

तेव्हा सासूबाईंनी ती थैली शिवली. जुन्या गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, दुहेरी शिवणीची, वर निमुळती, खाली गोल, आणि दोन्ही बाजूंना रुंद नाड्या. भरून पोटावर बांधली आणि वरून नऊवारी सैलसर नेसली की कोणीही म्हणावं, बाई पोटुशी आहे.

"कोनी विचारलं तर सातवा सांगायचा," त्या म्हणाल्या, "आन खाली पाहायचं. तू तशीही खालीच पाहतं."

त्यांना यात वावगं काही दिसलं नाही. मला दिसलं. लग्नाला चार वर्षं होत आली होती आणि माझं दोनदा पोट तिसऱ्या महिन्याच्या आतच पडलं होतं. पण सासरे खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी थैली बांधून घेतली.

ती पहिली खेप सुखरूप पार पडली. फार सुखरूप. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी मला पाहून माणसं सरकली. खिडकीपाशी एक म्हातारी बसली होती. तिनं मला स्वतःजवळ बसवून घेतलं.

"पयलंच काय वं?"

मी मान हलवली.

"कितवा?"

"सातवा," सासूबाई समोरून म्हणाल्या.

म्हातारीनं आपल्या गाठोड्यातून खोबऱ्याचा तुकडा आणि गुळाचा खडा काढून माझ्या पदरात घातला. डोक्यावर हात ठेवला. "खा माय. लेकरू सुखानं मोकळं होईल," म्हणाली. तो हात खरखरीत आणि गरम होता. पथक त्या दिवशी आलंच नाही. मी मात्र इतवारी येईपर्यंत पदराची गाठ मुठीत धरून बसले होते, आणि ते पोलिसांमुळे नव्हतं. नसलेल्या लेकराच्या नावानं मी आशीर्वाद घेतला होता आणि तो आता माझ्या पदरात बांधलेला होता. घरी आल्यावर तो तुकडा मला खाववेना, टाकवेनाही. शेवटी मी तो देवाच्या फळीवर, तसबिरीच्या मागं सरकवून ठेवला. रात्री सासऱ्यांनी मऊ भात पोटभर खाल्ला. चिन्नोर तांदळाचा वास दोन्ही खोल्यांत भरला होता, आणि मला तो सोसवत नव्हता.

पुढं पावसाळा सरता सरता माझी पाळी चुकली.

मी कोणालाच सांगितलं नाही. मागच्या खेपेला दुसरा महिना लागल्याबरोबर मी सासूबाईंच्या कानावर घातलं होतं. त्यांनी आनंदाच्या भरात शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गल्लीला, आणि आठवडा जात नाही तो सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगण्याचा आणि पडण्याचा काही संबंध नसतो. नसेल. पण मी मनाशी गाठ मारली होती की पुन्हा दिवस राहिले तर तिसरा महिना उलटेपर्यंत तोंड उघडायचं नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. सकाळी उलटी आली तर मोरीत बादली वाजवायची, म्हणजे आवाज झाकला जाई. मला हसू येत नव्हतं, आनंद होत नव्हता, दिवसभर एकच धास्ती असायची. मी खोटं पोट बांधून गाडीभर मिरवले होते. ज्याची थट्टा केली त्यालाच आता मी मागत होते.

आणि अशात एका सकाळी सासूबाईंनी ती थैली धुऊन वाळत घातली.

"उद्या जाऊन येऊ," त्या म्हणाल्या. "मडक्यात तळ दिसून राहिला."

नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं होतं, आणि कारण तर सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, कंबर दुखते. त्या म्हणाल्या, गाडीत बसूनच तर जायचं आहे. मी म्हटलं, छापे वाढलेत म्हणतात. त्यांनी नुसतं आतल्या खोलीकडे पाहिलं, तिथं सासरे पडले होते. यजमानांनी पेपरचं पान उलटलं. त्या घरात त्या क्षणी कोणीतरी मला जाऊ नको म्हणावं म्हणून मी अक्षरशः उभी राहिले होते. कोणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामेसासऱ्यांच्या घरी जेवणं झाल्यावर मामीनं कोठीतून तांदूळ काढले आणि सासूबाईंनी थैली भरून माझ्या पोटावर बांधली. मी श्वास आत ओढून धरला. "घट्ट नको," मी म्हटलं. "सैल बांधलं तर सरकते," त्या म्हणाल्या आणि गाठ आवळली. खाली माझं खरं पोट होतं, अजून कोणाला न दिसणारं, आणि त्याच्यावर हे ओझं. स्टेशनपर्यंत मी दोन्ही हातांनी थैली खालून उचलून धरत चालले. रस्त्यातल्या बायका कौतुकानं पाहत होत्या. त्यांना वाटलं असेल, पोरगी जिवाला जपते आहे. तेवढं मात्र खरं होतं.

गाडीत बसायला जागा मिळाली. सासूबाई समोर. दोन स्टेशनं गेली आणि तिसऱ्यावर पथक चढलं. नुसतं कोंबड्यांचं टोपलं कुठंतरी कुरकुरत होतं. साहेब पन्नाशीचा, सडपातळ, शर्टाच्या बगला घामानं भिजलेल्या. मागं एक शिपाई. साहेबानं दाराजवळच्या वळकटीत परखी घातली. काही निघालं नाही. मग एका बाईच्या मांडीवरच्या उशीत घातली, आणि ती धार सुरू झाली. पांढरी, बारीक, थांबेचना. ती बाई उशीचं भोक तळव्यानं दाबत होती आणि बोटांच्या फटीतून दाणे गळत होते.

बायकांमध्ये एक बोलणं फिरत होतं की कुठल्याशा स्टेशनावर साहेबानं एका पोटुशी दिसणाऱ्या बाईला उभं करून परखी पोटाला टेकवली होती. खरं की खोटं, देव जाणे. पण मला त्या वेळी दुसरं काही आठवलं नाही. मला वाटत होतं की ही नळी थैलीतून थेट आत जाईल. माझे हात आपोआप पोटावर आले, आणि हात पोटावर आले म्हणून त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

तो येऊन समोर उभा राहिला. परखी त्याच्या हातात आडवी होती, टोक माझ्या बाजूला. टोकाला तांदळाचा एक दाणा चिकटलेला होता.

"कितवा महिना, बाई?"

मला शिकवलेलं उत्तर माहीत होतं. रस्ताभर मी ते घोकलं होतं. पण ते जिभेवर येईना. पोटात खरंच कोणी असताना त्याच्याबद्दल खोटं कसं बोलायचं? त्याचा महिना खोटा सांगितला तर त्याला काय होईल? मूर्खपणाच म्हणा. नवऱ्याची नोकरी, सासऱ्यांचं जेवण, पोलीस, खटला, सगळं एका बाजूला होतं आणि माझी भीती या एका शब्दाशी येऊन अडली होती.

"सातवा," सासूबाई म्हणाल्या.

"दुसरा," मी म्हणाले.

दोघींचे शब्द एकाच वेळी पडले. सगळ्या डब्यानं ऐकले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आधी त्यांच्या डोळ्यांत राग आला, की ही बावळट सगळं बुडवून बसली. मग माझे हात दिसले, थैलीवर नव्हे तर थैलीच्या खाली, ओटीपोटाशी घट्ट धरलेले. त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांना इतकं घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, सासऱ्यांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हासुद्धा.

साहेबालाही कळलं. चार लेकरांचा बाप असावा. तो एकदा माझ्या पोटाकडे आणि एकदा हातातल्या लोखंडाकडे पाहायला लागला, आणि मग त्यानं परखी मागं नेली. पाठीमागं, जणू मला ती दिसू नये म्हणून.

"मायबाई," तो सासूबाईंना म्हणाला, "मी तिकडचे बाक पाहून येतो. तोवर हे..." त्यानं मानेनं डब्याच्या टोकाकडे खुणावलं. शिपाई काहीतरी विचारायला लागला तर त्याच्यावर तो खेकसला आणि त्याला घेऊन पुढं गेला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला डब्याच्या टोकाला संडासात नेलं. आत दोघींना उभं राहायलाही जागा नव्हती. गाठ इतकी आवळलेली की बोटांनी सुटेना. त्या खाली बसल्या, दातांनी नाडी ओढायला लागल्या. त्यांचं डोकं माझ्या पोटाला लागत होतं. थैली सुटली तशी त्यांनी ती उलटी केली. भावाच्या बांधीतला चिन्नोर, सासऱ्यांची पंधरा दिवसांची पेज, खालच्या भोकातून रुळांवर पडत होती. घरात एक शीत सांडलं तर मला उचलायला लावणाऱ्या त्या. त्यांनी थैलीचे कोपरेसुद्धा झटकले. मग ती थैलीही खाली सोडून दिली.

"मले काहून नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"भेव वाटलं."

"कोनाचं? माहं?"

गाडी पुलावरून जात होती, तिचा आवाज मोठा होता. मी खाली पाहिलं.

"माहं भेव वाटलं तुले," त्या हळूच म्हणाल्या. या वेळी त्यांनी विचारलं नव्हतं. पदरानं त्यांनी माझ्या पोटावरचे नाडीचे वळ पुसले, जणू पुसून ते जाणार होते.

घरी आल्यावर यजमानांनी पेपरवरून पाहिलं आणि आमचे रिकामे हात पाहून विचारलं, "काय झालं?" सासूबाई म्हणाल्या, "तुले काही माहीत नाई ना? मंग तसंच राहू दे." दुसऱ्या दिवशी दुपारी त्या रेशनचा तांदूळ सुपात घेऊन बसल्या आणि उजेड जाईपर्यंत एकेक खडा वेचत राहिल्या. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, आज वास नाही येत भाताला. "खा गुमान," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसत चुलीपाशी गेल्या.

पुढचे महिने आमच्या दोघींच्या धास्तीत गेले. त्यांनी गल्लीत एका शब्दानं सांगितलं नाही. मला घागर उचलू दिली नाही. सकाळी मी मोरीतून बाहेर आले की त्या दाराशी उभ्या असायच्या, विचारायच्या काही नाहीत, नुसतं तोंडाकडे पाहायच्या. मी मान हलवली की मग चहा ठेवायच्या. रात्री मला नाड्यांचे वळ पुन्हा उठल्यासारखे वाटायचे आणि मी चाचपून पाहायचे. देवाच्या फळीवरचा तो खोबऱ्याचा तुकडा एक दिवस मी हळूच काढला. काळा पडला होता. तरी मी तो खाल्ला, वाळलेल्या गुळाच्या खड्यासकट.

खरा सातवा महिना लागला तेव्हा ओटी भरायला शेजारच्या बायका आल्या. आमच्याकडे ओटी तांदळानं भरतात. सासूबाईंनी ताटात गहू आणून ठेवले.

"काहून वं, तांदूळ नाई काय घरात?" एकीनं विचारलं.

"आहे," सासूबाई म्हणाल्या. "गहूच भरा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शास्त्रात असं कुठं आहे, म्हणून एक कुजबुजली. सासूबाईंनी ओंजळ भरून गहू माझ्या पदरात घातले, आणि घाईत अर्धे जमिनीवर सांडले. ते त्यांनी वेचले नाहीत.

त्यानंतर आमच्या घरात चोरून तांदूळ कधी आला नाही. पुढं बंदी उठली, भावाकडून उजळ माथ्यानं आणता यायला लागलं, तेव्हा सासूबाई पुन्हा जायला लागल्या. पण इतवारीला उतरल्या की फाटकापाशी थांबायच्या आणि पिशवीचं तोंड सोडून तिकीट तपासणाऱ्यासमोर धरायच्या. "पाहून घ्या बाबू, तांदूळ आहे." तो म्हणायचा, तिकीट दाखवा आजी. त्या ऐकायच्या नाहीत. त्यानं वाकून पिशवीत पाहिल्याशिवाय फाटकातून हलायच्या नाहीत. मागं माणसं खोळंबून ओरडायची. एका हातात पिशवीचं उघडं तोंड आणि दुसऱ्या हातात माझ्या मुलीचं मनगट. "आजी, दुखून राहिलं," ती कुरकुरायची. त्या सोडायच्या नाहीत.